हलाल चायनीजमधलं एक जेवण आणि आपली सोयरीक

14 ऑक्टोबर 2023, शनिवार. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या फ्रीमॉन्ट भागात आम्ही काही जणांनी हॉल भाड्याने घेऊन धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा केला. वंदना झाली, पंचशील झालं, दोन-तीन भाषणं झाली, पण दरवर्षीचा उत्साह नव्हता. बरोबर सात दिवस आधी, 7 ऑक्टोबरला, गव्हर्नर न्यूसम यांनी एसबी 403 हे विधेयक नाकारलं होतं. जातीवरून भेदभाव करणं बेकायदेशीर आहे हे कायद्यात स्पष्ट लिहा, एवढीच त्या विधेयकाची मागणी. दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केलेलं. गव्हर्नर म्हणाले, सध्याच्या कायद्यांत हे आधीच बसतं, वेगळ्या कायद्याची गरज नाही. ज्यांनी सॅक्रामेंटोत उपोषण केलं, ज्यांनी आयुष्यात पहिल्यांदा माइकसमोर आपली जात सांगून साक्ष दिली, त्यांच्या हातात हे उत्तर पडलं.

खुर्च्या उचलून, बाबासाहेबांचा आणि बुद्धांचा फोटो गाडीत नीट ठेवून आम्ही अकरा जण उरलो. त्यात दोन लहान मुलं. जेवायचं कुठे, यावर पार्किंगमध्येच अर्धा तास गेला. कुणी म्हणालं, जवळच आपलं इंडियन हॉटेल आहे. लगेच दुसऱ्याने आवाज खाली आणून सांगितलं, "नको, तिथे ऑफिसातले भेटतील." काय भेटतील, का नको, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांना कळलं होतं. अंगावर निळे गमछे होते, मुलांच्या शर्टावर जय भीमचे बिल्ले होते. विधेयक पडल्याचे पेढे वाटणाऱ्यांच्या शेजारच्या टेबलावर त्या दिवशी बसायची ताकद आमच्यात नव्हती. खरं तर आम्ही भ्यायलो होतो. पुढे जे लिहिणार आहोत ते या भीतीपासूनच सुरू होतं, म्हणून हे आधीच सांगून टाकलं.

आमच्यात मालेगावचे एक भाई होते. सहीच्या मोहिमेत, पत्रकं वाटण्यात दोन वर्षं आमच्याबरोबर राबलेले. ते हळूच म्हणाले, "इथून दहा मिनिटांवर एक हलाल चायनीज आहे. तिकडे गेलो तर आज मीही पोटभर जेवीन." तेव्हा आमच्या डोक्यात प्रकाश पडला. दोन वर्षांत प्रत्येक कार्यक्रमानंतर भाई आमच्याबरोबर जेवायला यायचे आणि फ्राईज खायचे. आम्हाला वाटायचं, त्यांना फ्राईज आवडतात! आपल्या ताटाविषयी, आपल्या अन्नाच्या अपमानाविषयी तासन् तास बोलणारी आम्ही माणसं, शेजारचा उपाशी उठतोय हे आमच्या लक्षात आलं नव्हतं.

गेलो. साधं हॉटेल. हिरवी पाटी, तिच्यावर चिनी अक्षरं, अरबीत हलाल, खाली इंग्रजी. आत गोल टेबलं आणि मध्ये फिरती काच. आपण ज्याला चायनीज म्हणतो ते इथे मिळत नाही हे मेन्यू पाहताच कळलं. आपलं चायनीज म्हणजे नाक्यावरची लाल गाडी, ट्रिपल शेजवान आणि चायनीज भेळ. चिकन मंचुरियन तर मुंबईतच 1975 च्या सुमारास नेल्सन वँग यांनी जन्माला घातलं असं सांगतात, चीनच्या मांचुरियाशी त्याचा नावापुरताच संबंध. इथे होतं ते ह्वे मुसलमानांचं जेवण. ह्वे हा चीनमधला मुस्लिम समाज, एक कोटीहून जास्त लोकसंख्या. दिसायला, बोलायला इतर चिन्यांसारखाच. अरब आणि इराणी व्यापारी तांग राजवटीपासून चीनमध्ये येत राहिले, तिथे त्यांचे संसार झाले, आणि शतकानुशतकं त्यांच्यात स्थानिक माणसं मिसळत गेली, त्यातून हा समाज घडला. शिआनमधली त्यांची मोठी मशीद बाहेरून पाहिली तर चिनी मंदिरच वाटावं अशी आहे.

चीनमध्ये नुसतं "मांस" म्हटलं की डुकराचं मांस समजतात. अशा देशात डुक्कर न खाणारा समाज म्हणजे रोजच्या जेवणात उठून दिसणारा समाज. आपलं दुखणं नेमकं उलट आहे. बहुसंख्यांनी खाऊ नये म्हटलेलं आपण खाल्लं म्हणून आपल्याला वेगळं काढलं. त्यांनी सगळे खातात ते खाल्लं नाही म्हणून ते वेगळे पडले. पुढे 2019 मध्ये बेजिंगमधल्या हलाल हॉटेलांना पाट्यांवरची अरबी अक्षरं काढायला लावली. म्हणजे पाटीवर काय लिहावं आणि काय लिहू नये हा प्रश्न फक्त आपल्याकडचा नाही. पण त्यावर पुढे येऊ.

वेटर मुलीने चहाची किटली ठेवली आणि ऑर्डर विचारली. भाईंनी मेन्यू वाचायला सुरुवात केली. जिऱ्यात परतलेलं लॅम्ब, सुरीने तासून केलेल्या जाड नूडल्स, तिळाची जाड गोल रोटी आणि बीफ नूडल सूप. या सुपाचं मूळ लांचौ शहरातलं. रस्सा नितळ हवा, मुळा पांढरा, मिरचीचं तेल लाल, कोथिंबीर नि लसणाची पात हिरवी आणि नूडल्स पिवळसर, अशी त्याची पारख तिकडचे लोक करतात.

"बीफ चार बाऊल," असं आमच्यातल्या एकाने सांगितलं आणि सांगताना मागे वळून दरवाज्याकडे पाहिलं. आवाजही खाली आला. हॉटेलात आमच्याशिवाय भारतीय दिसणारं कुणीही नव्हतं. फ्रीमॉन्टमध्ये बीफवर बंदी नाही. तरी मान वळली. त्याची चूक काढायला म्हणून हे लिहीत नाही, कारण आमच्यातल्या निम्म्या लोकांच्या माना त्याच वेळी वळल्या होत्या. महाराष्ट्राचा 1995 सालचा दुरुस्ती कायदा 2015 मध्ये राष्ट्रपतींच्या सहीने लागू झाला आणि बैल, वळू कापणं हा गुन्हा झाला. पण आमच्या माना त्याच्या कितीतरी आधीपासून वळत आहेत. गावात "मोठ्याचं" म्हणायचं, नाव घ्यायचं नाही. घरात शिजत असलं की दार लावून घ्यायचं. चान्या वाळत घालायच्या तर मागच्या बाजूला. शाहू पाटोळे यांनी 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मध्ये हे आपलं सगळं स्वयंपाकघर उघडं करून दाखवलं, ते 2015 मध्येच. पुस्तक आम्ही सगळ्यांनी वाचलंय, वाटलंय, त्यावर बोललोय. मान तरीही वळलीच.

तेवढ्यात आमच्यातल्या आठ वर्षांच्या मुलीने विचारलं, "आई, बीफ घाण असतं ना? शाळेत अन्या म्हणते." नागपूरच्या ताई तिची आई. त्या काहीच बोलल्या नाहीत. नंतर सांगत होत्या, "आम्हीच तिला शिकवलंय, डब्यात काय खाल्लं ते शाळेत सांगायचं नाही. मग तिला घाण वाटणारच ना?"

मित्रांनो, इथे एक गोष्ट नीट समजून घेतली पाहिजे. महाडला 1927 मध्ये बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा, शिळंपाकं उष्टं मागून खाणं सोडा असं सांगितलं. त्याचा अर्थ अनेक जण असा लावतात की बाबासाहेबांनी आपल्याला "शुद्ध" व्हायला सांगितलं. चूक आहे हे. गावाने फेकलेलं, गावाच्या मर्जीने मिळणारं, त्याच्या बदल्यात गावकीची कामं करावी लागणारं ते अन्न होतं. ती गुलामी सोडायला सांगितली. पुढे 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात तर त्यांनी गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध उलगडून दाखवला. बौद्ध धम्माशी चाललेल्या झगड्यात ब्राह्मणांनी गोमांस सोडलं, ज्यांनी सोडलं नाही त्या वाताहत झालेल्या, बौद्ध राहिलेल्या माणसांना अस्पृश्य ठरवलं, अशी त्यांची मांडणी. म्हणजे घाण मांसात नव्हतीच. आणि हे आम्ही त्या आठ वर्षांच्या मुलीला कधीच सांगितलं नव्हतं.

कुणी म्हणेल, सकाळी पंचशील घेतलं आणि संध्याकाळी मांस कसं? हा प्रश्न त्या टेबलावरही निघाला, आमच्यातल्या एका तरुण उपासकाने काढला. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्ये मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे आणि अहिंसा हे तत्त्व आहे, नियम नव्हे, असं सांगितलं आहे. यावर वाद होऊ शकतो, व्हावा. तो तरुण त्या दिवशी टोफू जेवला आणि त्याला कुणी चिडवलं नाही.

आमच्याबरोबर जालंधरकडचे एक भाऊ होते, रविदासिया समाजाचे, पूर्ण शाकाहारी. त्यांनी वेटर मुलीला विचारलं, "भाजी त्याच कढईत करता का?" ती म्हणाली, "धुऊन घेतो, पण कढई तीच." तिने खोटं सांगितलं असतं तर कुणाला कळलं असतं? भाऊंनी हसून साधा भात, काकडीची कोशिंबीर आणि ती तिळाची रोटी मागवली. आणि बसून राहिले. शेजारी बीफचा बाऊल, समोर लॅम्ब, काच फिरतेय, ते रोटीचे तुकडे सगळ्यांकडे सरकवताहेत. त्यांचा नियम त्यांच्या ताटापुरता होता. तो आमच्या अंगावर चढत नव्हता.

आम्हाला तिथे बसून हाच फरक पहिल्यांदा इतका स्वच्छ दिसला. पाटीवरच्या चिनी अक्षरांचा उच्चार छिंग-चेन असा काहीसा आहे. चीनमध्ये हलालसाठी तोच शब्द वापरतात आणि त्याचा अर्थ होतो शुद्ध आणि खरं. शुद्ध हा शब्द ऐकला की आपल्या पोटात गोळा येतो, कारण आपल्या पिढ्या त्या शब्दाने मारल्या आहेत. पण तिथली शुद्धता ताटातल्या वस्तूला विचारत होती, जनावर कोणतं, कसं कापलं, दारू घातली का, डुकराची चरबी आहे का. खुर्चीवर कोण बसलंय, कुणाचा हात पेल्याला लागला, आडनाव काय, हे तिने विचारलं नाही. आपल्याकडच्या सोवळ्याचा सगळा जीव मात्र माणसात आहे. पाणी तेच, विहीर तीच, आमचा हात लागला की बाटलं. मुंबई-पुण्यातल्या "फक्त शाकाहारी" सोसायट्या खाण्याचं नाव घेऊन कुणाला घर नाकारतात हे घर शोधलेल्या प्रत्येकाला माहीत आहे.

हे आम्ही उत्साहाने बोलायला लागलो तेव्हा भाईंनीच आम्हाला अडवलं. "थांबा थांबा. हलालमध्येसुद्धा कापणारा कोण हे विचारतातच की. मुसलमान लागतो. काही आलिम ज्यू नि ख्रिश्चन चालतात म्हणतात. पण कोणीही चालत नाही." टेबल जरा गप्प झालं. बरोबर होतं त्यांचं. आम्ही म्हणालो, ते श्रद्धेवर आहे, जन्मावर नाही. आत नूडल्स ओढणारा हा चिनी माणूस बघा, त्याच्या पूर्वजांतले कितीतरी कधीकाळी बाहेरून येऊन मिळालेले. उद्या कुणीही कलमा पढून ती सुरी हातात घेऊ शकतो. ब्राह्मण मात्र कुणालाही होता येत नाही.

भाई म्हणाले, "किताबात असंच आहे. आमच्याकडे हिंदुस्थानात काय आहे ते विचारा." मग त्यांनी एक शब्द उच्चारला. हलालखोर.

हलालखोर म्हणजे हलाल, कष्टाचं खाणारा. आणि हे नाव कुणाचं? मुसलमानांतल्या भंगीकाम करणाऱ्या जातीचं. बाबासाहेबांनी 'पाकिस्तान' वरच्या ग्रंथात बंगालच्या 1901 च्या जनगणनेचा अहवाल उद्धृत केला आहे, त्यात अश्रफ, अजलफ आणि सगळ्यांत खाली अरजल अशी उतरंड आहे, आणि त्या अरजलांमध्ये हलालखोरांचं नाव आहे. म्हणजे ज्या शब्दाच्या पाटीखाली आम्ही समतेच्या गप्पा मारत होतो, त्याच शब्दातून भारतात एका अस्पृश्य जातीचं नाव झालं. भाई स्वतः विणकरांच्या घरातले. म्हणाले, "आम्ही मोमीन. मशिदीत खांद्याला खांदा लावतो, दावतीत एका थाळीत जेवतो. पण हलालखोरांच्या घरातली मुलगी माझ्या धाकट्या भावाला करायची म्हटलं तर माझी अम्मी काय म्हणेल मला माहिती आहे. ताट एक आहे हो आमचं. सोयरीक नाही."

1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जाती हा दर्जा फक्त हिंदूंना दिला. 1956 मध्ये शिखांना मिळाला, बौद्धांना 1990 मध्ये. मुसलमान आणि ख्रिश्चन दलित अजून बाहेर आहेत. रंगनाथ मिश्रा आयोगाने 2007 मध्ये धर्माची अट काढा म्हणून सांगितलं, ते पडून राहिलं. तेच झाडू, तेच गटार, तीच वस्ती, पण नमाज पढतो म्हणून हलालखोर अनुसूचित नाही. नव्वदपर्यंत आपण त्याच दाराबाहेर उभे होतो. आत आल्यावर आपण मागे वळून किती वेळा पाहिलं? हा प्रश्न आम्ही आम्हालाच विचारतो आहोत. एसबी 403 मांडलं कुणी होतं? आयशा वहाब यांनी, अफगाण वंशाच्या मुस्लिम आमदार बाईंनी. त्यांना त्यासाठी काय काय ऐकून घ्यावं लागलं ते आम्ही जवळून पाहिलं.

त्या जेवणानंतर भारतात जे घडलं त्याने तो टेबलावरचा वाद पुन्हा पुन्हा आठवला. महिन्याभरात, नोव्हेंबर 2023 मध्ये, उत्तर प्रदेशात हलाल प्रमाणपत्र असलेल्या मालाच्या विक्रीवर बंदी आली. जुलै 2024 मध्ये कावड यात्रेच्या रस्त्यावरच्या हॉटेलवाल्यांना मालकाचं नाव पाटीवर लिहायला सांगितलं. सर्वोच्च न्यायालयाने 22 जुलैला त्याला स्थगिती दिली. कोणतं अन्न वाढतो ते लिहायला सांगता येईल, मालकाची नि कामगारांची नावं लिहायची सक्ती करता येणार नाही, असा तो अंतरिम आदेश. मार्च 2025 मध्ये महाराष्ट्रात झटका मटणासाठी "मल्हार" प्रमाणपत्र आलं, तेही एका मंत्र्यांच्या हस्ते. झटका हवा त्याने झटका खावा, आमची काही हरकत नाही, आमच्या पंजाबी बांधवांतले कित्येक हलाल खातच नाहीत. पण त्या प्रमाणपत्रात दुकान हिंदूचंच हवं ही अट आहे. बकरं कसं कापलं यावर भागत नाही, विकणारा कोण ते हवंय. आणि ज्या खाटीक बांधवांना आज "हिंदू खाटीक" म्हणून मिरवलं जातंय त्यांना ज्या गावांनी कायम खालच्या पायरीवर ठेवलं, ती गावं कुणाच्या धर्माची होती?

परत त्या टेबलावर येतो, कारण खरी गोष्ट अजून सांगायची राहिली आहे.

भाईंनी सोयरिकीचं बोलून दाखवल्यावर नागपूरच्या ताई बराच वेळ रोटीचे तुकडे करत बसल्या होत्या. शिआनकडे एक पदार्थ असतो, जाड रोटी आपल्या हाताने बारीक कुसकरायची, बाऊल आत पाठवायचा, मग आचारी त्यावर मटणाचा रस्सा घालून आणतो. या हॉटेलात तो नव्हता. पण ताईंनी सुपात रोटी कुसकरली, अगदी रश्शात भाकरी कुसकरतात तशी. आणि म्हणाल्या, "भाईंची अम्मी तशी माझी आई."

त्यांचा धाकटा भाऊ पुण्यात नोकरीला. लातूरकडची एक मातंग समाजाची मुलगी, त्याच्याच ऑफिसात. दोघांचं ठरलं होतं. आई म्हणाली, मांगाची सून या घरात नको. आई रोज विहारात जाणारी, बावीस प्रतिज्ञा पाठ असलेली. ताईंनी आधी आईशी भांडण केलं, मग आईचं ब्लड प्रेशर वाढलं म्हणून गप्प बसल्या. मग भावाचे फोन घेणं बंद केलं. दोन आठवडे झाले होते. "सकाळी भाषण मीच केलं ना," त्या म्हणाल्या, "कॅलिफोर्नियात जात आहे की नाही यावर."

कुणी काय बोलणार? आमच्यात जे आठ बौद्ध होते त्यातल्या सात जणांची लग्नं पूर्वाश्रमीच्या एकाच जातीत झालेली. त्यातही सोमवंशी की लाडवान की बावणे हे बघून झालेली दोन. परिचयपत्रात "पोटजात" असा रकाना आम्ही स्वतःच्या हाताने भरलेला आहे. बाबासाहेबांनी 1936 मध्ये जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या, आणि मंडळाने होऊ न दिलेल्या, त्या भाषणात सहभोजनाला मर्यादा आहे, सहभोजन करूनही जात शिल्लक राहते, आंतरजातीय विवाहाशिवाय ती तुटणार नाही असं स्पष्ट सांगितलं आहे. 'जातिसंस्थेचे उच्चाटन' आम्ही दरवर्षी तरुणांना वाटतो. त्या संध्याकाळी आम्ही अकरा जण, बौद्ध, मुसलमान, रविदासिया, एका फिरत्या काचेभोवती जेवलो आणि फोटो काढून ग्रुपवर टाकला. भरपूर जय भीम आले. फोटोखाली कुणीतरी "हीच खरी समता" असं लिहिलं होतं.

बिलावरून नेहमीप्रमाणे ओढाताण झाली, शेवटी भाईंनी दिलं. उरलेली रोटी मुलांसाठी बांधून घेतली. बाहेर पार्किंगमध्ये गार वारा सुटला होता. ताईंची मुलगी आईला विचारत होती, सोमवारी डब्यात हीच रोटी देशील का. आणि अन्याने विचारलं तर काय सांगायचं?

"कुठे खाल्ली, कशाबरोबर खाल्ली, सगळं सांग," ताई म्हणाल्या.

साडेआठ वाजले होते. म्हणजे पुण्यात रविवारची सकाळ. ताईंनी मुलीला आमच्याकडे सोपवलं, गाड्यांच्या रांगेच्या टोकापर्यंत चालत गेल्या आणि भावाला फोन लावला. बराच वेळ बोलत होत्या. आम्ही कुणीच गाडी सुरू केली नाही.